वर्गणी-देयक प्रणालीतील पुनर्वापरयोग्य दरसाचे : ग्रामीण पाणीपट्टीच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रास्ताविक

नळाचे पाणी, वीज, केबल दूरचित्रवाणी, दूरध्वनी, नियतकालिके आणि अलीकडे संगणकीय आज्ञावलींचा वापर या सेवा परस्परांपासून भिन्न आहेत. तथापि, त्यांच्या आर्थिक व्यवहाराचे सूत्र एकच आहे. ग्राहक येथे वस्तू एकदाच विकत घेऊन मोकळा होत नाही. तो ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा रक्कम भरतो. मराठीत या संबंधाला ‘वर्गणी’ असा अर्थपूर्ण शब्द रूढ आहे. वर्गणीचा हिशेब हाताने लिहिला जात होता, तेव्हा दर लिपिकाच्या स्मरणात आणि ठरावाच्या वहीत असे. संगणक आल्यानंतर तो आज्ञावलीत किंवा तक्त्यात गेला. या स्थलांतरात सोय झाली, तशीच एक नवी अडचणही निर्माण झाली.

ही अडचण पुढीलप्रमाणे सांगता येईल. नवा दर लागू झाला की जुन्या आकड्यावर नवा आकडा टंकला जातो. परिणामी जुन्या महिन्याचे देयक पुन्हा छापल्यास त्यावर नवा दर येतो, मागील थकबाकी नव्या दराने मोजली जाते आणि ग्राहकाच्या हातातील पावती व कार्यालयातील नोंद यांचा मेळ बसत नाही. कोणाचाही हेतू वाईट नसताना अन्याय घडतो, आणि तो सिद्ध करण्याचे साधनही उरत नाही. या दोषाचे मूळ आकडेमोडीत नसून दर साठविण्याच्या पद्धतीत आहे. दर हा केवळ आकडा नव्हे. तो एका अधिकाऱ्याने वा सभेने विशिष्ट तारखेपासून दिलेला शब्द असतो, ही बाब प्रणालीच्या रचनेत उतरली पाहिजे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) पुनर्वापरयोग्य दरसाचा ही संकल्पना स्पष्ट करणे.
२) दरसाच्याचे घटक व त्यांची परस्परांपासून अलगता विशद करणे.
३) दरबदल, मुदत व सवलत यांमुळे उद्भवणाऱ्या चुकांचा विचार करणे.
४) ग्रामीण सेवासंस्थेसाठी साचा उभारण्याचा क्रम सुचविणे.

विवेचनासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी या कुडाळनजीकच्या गावासारख्या गावाची पाणीपट्टी डोळ्यांसमोर ठेवली आहे. पाणीपट्टीच्या उदाहरणांतील दरांचे आकडे स्पष्टीकरणार्थ योजिलेले असून ते कोणत्याही ग्रामपंचायतीचे प्रत्यक्ष दर नव्हेत.

२. साचा म्हणजे काय ?

पिंगुळी हे गाव ठाकर समाजाच्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या परंपरांसाठी ख्यातकीर्त आहे. या परंपरेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये ‘पद्मश्री’ जाहीर झाली. चित्रकथीची पोथी ही सुट्या चित्रपानांची असते. पाने व त्यांचा क्रम ठरलेला असतो. निवेदन मात्र श्रोते व प्रसंग पाहून कमी-अधिक होते. प्रत्येक प्रयोगासाठी नवी पोथी रंगवावी लागत नाही आणि निवेदन लांबले म्हणून पोथीतील चित्र खोडले जात नाही. दरसाच्याची कल्पना याहून फार वेगळी नाही. जे स्थिर आहे ते एकदाच नीट मांडावे, जे प्रसंगानुरूप बदलते ते त्याच्या बाहेर ठेवावे.

त्यानुसार दरसाच्याची व्याख्या अशी करता येईल : एखाद्या सेवेची रक्कम कशी काढावी याचे नियम ग्राहकापासून व देयकापासून अलग करून, नाव, अधिकार आणि अंमल-दिनांक यांसह एकदाच नोंदविलेली आणि अनेक ग्राहकांना लागू करता येणारी रचना म्हणजे पुनर्वापरयोग्य दरसाचा होय.

ही अलगता आपल्या प्रशासनाला अपरिचित नाही. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या लेखापद्धतीत नमुना ८ ही कर आकारणी नोंदवही, नमुना ९ ही कर मागणी नोंदवही आणि नमुना १० ही कर व फीची पावती आहे. आकारणी, मागणी आणि वसुली या तीन गोष्टी एकाच वहीत कालवू नयेत, हा विवेक त्यामागे आहे. नमुना ९ मध्ये मागील बाकी, चालू मागणी व एकूण असे रकाने स्वतंत्र असतात. सामान्य पाणीपट्टी व नळजोडणीची विशेष पाणीपट्टी यांचीही नोंद वेगवेगळी होते. संगणकीय प्रणालीची आखणी करताना हा विवेक टिकविणे अगत्याचे आहे. अनेकदा मात्र ग्राहकाचे नाव, त्याचा दर, मागील बाकी आणि भरलेली रक्कम हे सर्व तक्त्याच्या एकाच ओळीत लिहिले जाते. तिथेच बिघाडाचा आरंभ होतो.

३. साच्याचे घटक

परिपूर्ण दरसाच्यात किमान पुढील बाबी असाव्यात : सेवेचे नाव, ग्राहकवर्ग, आकारणीची रीत, टप्पे व त्यांचे दर, देयकाची मुदत, लागू कर, पूर्णांकनाचा नियम, अंमल सुरू होण्याचा व संपण्याचा दिनांक, आणि ज्या ठरावाने वा आदेशाने दर ठरला त्याचा क्रमांक. शेवटची बाब पुष्कळदा वगळली जाते. वास्तविक तीच साच्याला आधार देते.

आकारणीच्या मुख्य रीती चार आहेत. पहिली ठोक रीत. जोडणीमागे वार्षिक ठरावीक रक्कम घेण्याची पद्धत या प्रकारात मोडते. दुसरी एककानुसार, वापरलेल्या प्रत्येक एककाला समान दर. तिसरी टप्पेवार, प्रत्येक टप्प्यातील वापराला त्या टप्प्याचाच दर लागतो. चौथी सर्वलागू, वापर ज्या टप्प्यात पोहोचतो, त्या टप्प्याचा दर संपूर्ण वापराला लागतो. तिसरी व चौथी रीत कागदावर सारख्याच दिसतात. दोहोंच्या तक्त्यात टप्पे व दर तेच असतात. फरक फक्त नियमात असतो, आणि तो साच्यात स्पष्ट न लिहिल्यास आज्ञावली तयार करणारी व्यक्ती आपल्या समजुतीप्रमाणे तो ठरविते.

उदाहरणार्थ, पाण्याच्या मासिक वापरात पहिल्या १० हजार लिटरला प्रति हजार ६ रुपये, पुढील १० हजार लिटरला ९ रुपये व त्यापुढे १४ रुपये असा दर मानू. १० हजार लिटर वापराचे ६० रुपये होतात. वापर ११ हजार झाल्यास टप्पेवार रीतीने ६९ रुपये, तर सर्वलागू रीतीने ९९ रुपये होतात. एक हजार लिटर अधिक वापरल्याबद्दल पहिल्या रीतीत ९ रुपये व दुसऱ्या रीतीत ३९ रुपये पडतात. महाराष्ट्रातील घरगुती वीजदर टप्पेवार रीतीचे आहेत. ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे त्यांचे मासिक टप्पे परिचित आहेत.

४. अधिकारानुसार घटकांची विभागणी

विजेचे देयक हे घटक-विभागणीचे उत्तम उदाहरण आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. पुढे विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६२ अन्वये दरनिश्चितीचा अधिकार नियामक आयोगांकडे आहे. त्याच कलमानुसार एका आर्थिक वर्षात दर सामान्यतः एकापेक्षा अधिक वेळा बदलता येत नाही. मात्र इंधन अधिभाराच्या सूत्रानुसार होणारा बदल त्यास अपवाद आहे. याशिवाय राज्य शासनाचे विद्युत शुल्क असते; घरगुती ग्राहकांसाठी ते १६ टक्के आहे.

म्हणजे एकाच देयकात तीन स्वतंत्र लयी आहेत. मूळ दर आयोगाच्या आदेशाने बदलतो, इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलू शकतो, आणि शुल्काचा निर्णय शासनाचा असतो. या तिन्हींची बेरीज करून एकच आकडा साठविला, तर त्यांपैकी कोणताही एक बदलताच संपूर्ण साचा नव्याने लिहावा लागेल, आणि ग्राहकाला वाढ कोणामुळे झाली हे सांगता येणार नाही. यास्तव घटकांची विभागणी करताना ‘हा आकडा कोण बदलू शकतो ?’ हा प्रश्न निकष म्हणून वापरावा. ज्यांना बदलण्याचा अधिकार वेगळा, ते घटक वेगळे. पाणीपट्टीतही जोडणी शुल्क, स्थिर आकार, वापराचा आकार आणि विलंब आकार यांना हाच निकष लावता येतो.

५. मुदत आणि टप्पे यांचा संबंध

टप्पे महिन्याचे आणि मीटरवाचन दोन महिन्यांनी, अशी स्थिती ग्रामीण भागात सहज संभवते. वर उल्लेखिलेल्या दरांना महिन्याला ५० रुपये स्थिर आकार जोडू. एका कुटुंबाने दोन महिन्यांत २४ हजार लिटर पाणी वापरले. साच्यात मुदतीचा विचार नसेल, तर प्रणाली हा वापर एका महिन्याच्या टप्प्यांत बसवील : पहिल्या १० हजारांचे ६०, पुढील १० हजारांचे ९० आणि उरलेल्या ४ हजारांचे ५६. दोन महिन्यांचा स्थिर आकार १०० धरून देयक ३०६ रुपयांचे होईल. योग्य रीतीने दोन महिन्यांसाठी टप्पे दुप्पट करावे लागतील : पहिल्या २० हजारांचे १२० आणि उरलेल्या ४ हजारांचे ३६, स्थिर आकारासह २५६ रुपये.

येथे ५० रुपयांचा फरक पडला. तो ग्राहकाच्या वापरामुळे पडलेला नसून मीटर वाचणारी व्यक्ती उशिरा आल्यामुळे पडला आहे. तक्ता बरोबर, बेरीज बरोबर, आणि देयक मात्र चुकीचे, अशी ही स्थिती असल्यामुळे नेहमीच्या तपासणीत ती लक्षात येत नाही. म्हणून टप्प्याची मर्यादा ‘१० हजार लिटर’ अशी न लिहिता ‘दरमहा १० हजार लिटर’ अशी लिहावी, आणि देयकाच्या मुदतीने तिला गुणावे.

६. दरबदल आणि साच्याची आवृत्ती

अंमलात आलेला साचा कधीही बदलू नये. दर बदलल्यास त्याच साच्याची नवी आवृत्ती काढावी, हा या विषयातील मध्यवर्ती नियम होय. जुन्या आवृत्तीला समाप्तीचा दिनांक मिळतो, पण ती पुसली जात नाही. प्रत्येक देयक ज्या आवृत्तीने तयार झाले तिचा क्रमांक स्वतःजवळ बाळगते. आंतरराष्ट्रीय स्तरावरील ‘स्ट्राइप’ या देयक-सेवेत एकदा निर्माण केलेल्या दराची रक्कम बदलता येत नाही. नवा दर निर्माण करून जुना निष्क्रिय करावा लागतो. वरवर गैरसोयीचे वाटणारे हे बंधन वस्तुतः ग्राहक व संस्था या दोघांचेही संरक्षण आहे.

केबल व डीटीएच क्षेत्राचा अलीकडील इतिहास आवृत्तीची आवश्यकता पटवून देतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची मार्च २०१७ मधील नवी चौकट १ फेब्रुवारी २०१९ पासून अंमलात आली, तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांसाठी कर वगळून मासिक १३० रुपये ही जाळे-क्षमता शुल्काची कमाल मर्यादा होती. २०२० मध्ये तेवढ्याच रकमेत २०० वाहिन्या देणे आवश्यक झाले. जुलै २०२४ मध्ये ही कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. येथे एकदा संख्या बदलली, तर एकदा नियमच नाहीसा झाला. केवळ ‘शुल्क : १३०’ असा रकाना ठेवणाऱ्या प्रणालीत २०१९ व २०२० यांतील फरक दिसणारच नाही, कारण रक्कम तीच राहिली आहे.

दरबदल देयकाच्या मुदतीच्या मध्येच आल्यास दिवसांच्या प्रमाणात विभागणी करावी लागते. देयकाची मुदत १६ मार्च ते १५ मे अशी ६१ दिवसांची आणि नवा दर १ एप्रिलपासून असल्यास, १६ दिवस जुन्या व ४५ दिवस नव्या आवृत्तीचे होतात. दोन महिन्यांचा स्थिर आकार १०० वरून १२० रुपये झाला असेल, तर आकारणी ११४ रुपये ७५ पैसे होते. वापराचे टप्पेही याच प्रमाणात विभागावे लागतात. पूर्णांकन मात्र सर्व घटकांची बेरीज झाल्यावर शेवटी एकदाच करावे; प्रत्येक घटकाचे स्वतंत्र पूर्णांकन केल्यास देयकाच्या ओळी व एकूण रक्कम यांत रुपया-दोन रुपयांची तफावत पडते आणि ग्राहकाच्या मनात अकारण संशय निर्माण होतो.

नियतकालिकांच्या आजीव वर्गणीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. अंकाची किंमत कितीही वाढली, तरी आजीव वर्गणीदाराला दिलेला शब्द त्याच्या नोंदणीच्या दिवशीचा असतो. महाविद्यालयीन ग्रंथालयांना हा अनुभव नवा नाही. नवी आवृत्ती आली म्हणजे सर्व ग्राहक आपोआप तिच्यात जावेत की जुन्यांनी जुन्याच अटींवर राहावे, हा तांत्रिक प्रश्न नसून धोरणाचा प्रश्न आहे. साच्याने त्याचे उत्तर लेखी मागितले पाहिजे.

७. ग्राहकवर्ग आणि सवलती : स्थानिक वास्तव

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला व १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. येथील गावांत पाण्याच्या वापराचे स्वरूप वर्षभर सारखे नसते. चाकरमान्यांची घरे वर्षातील बराच काळ बंद असतात आणि चतुर्थी, शिमगा व मे महिन्यात ती माणसांनी भरून जातात. काही घरांत न्याहारी व निवासाची व्यवस्था असते. तेच घर काही महिने कौटुंबिक आणि काही महिने व्यावसायिक असते. शाळा, मंदिर, मठ, कलादालन यांचा वापर आणखी निराळा.

अशा वेळी प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र साचा करण्याचा मोह होतो. घरगुती, घरगुती-बंद, घरगुती-पर्यटन, घरगुती-बंद-पर्यटन असे करता करता साच्यांची संख्या हाताबाहेर जाते व दरवाढीच्या वेळी एखादा साचा विसरला जातो. यावर उपाय म्हणजे मूळ साचे मोजके ठेवून भेद स्तरांच्या रूपाने लावणे. ‘घरगुती’ हा मूळ साचा. ‘बंद घर’ ही त्यावरील सवलत. तिला स्वतःचे नाव, ठराव, आरंभ व समाप्ती. मूळ दर बदलला तरी सवलतीचा नियम तसाच राहतो.

लिपिकाने कळकळीने एखाद्या वृद्धेचे देयक हाताने कमी केले, तर त्या दिवशी तिचे भले होते. परंतु पुढील वर्षी कर्मचारी बदलला की ती रक्कम थकबाकी म्हणून उभी राहते. सवलत साच्यात नोंदलेली असेल, तर ती कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून राहत नाही. तसेच जी सवलत उघडपणे नाव देऊन लिहिता येत नाही, ती देणे योग्य आहे काय, याचाही विचार सभेला करावा लागतो.

८. कर आणि स्वयंचलित भरणा

नळाने पुरविल्या जाणाऱ्या पाण्यावर वस्तू व सेवा कर नाही, छापील नियतकालिकांवरही नाही; केबल सेवेवर मात्र तो १८ टक्के आहे. साचा इतर सेवांसाठी वापरावयाचा असल्यास कर हा दिनांकासह स्वतंत्र घटक असावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या टप्प्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ही बाब अनेक व्यावसायिकांच्या ध्यानी आली. करदर बदलतो त्या काळात कोणता दर लागू होतो, हे केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १४ मध्ये सांगितले आहे. पुरवठा, देयक व रक्कम मिळणे या तीन घटनांपैकी ज्या बाजूस दोन पडतात, त्या बाजूचा दर सामान्यतः लागू होतो. म्हणजेच प्रणालीने केवळ देयकाचा दिनांक साठवून भागत नाही. तिन्ही दिनांक हवेत.

बँक कार्डातून वा यूपीआयद्वारे वर्गणी आपोआप वळती होण्याची सोय आता सर्वत्र आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून अंमलात आलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. सूचनेतील रक्कम व वसूल होणारी रक्कम एकच असावी, यासाठी दोहोंनी साच्याची तीच आवृत्ती वापरणे आवश्यक आहे.

९. उभारणीचा क्रम

१) प्रथम संगणक बाजूस ठेवून गेल्या काही वर्षांचे दराचे सर्व ठराव तारीखवार एकत्र करावेत. ठराव व प्रत्यक्ष आकारणी यांतील विसंगती याच पायरीवर उघड होतात.
२) प्रत्येक दराचे घटक पाडून त्यांचा अधिकारी निश्चित करावा.
३) मूळ साचे व सवलती यांची यादी करावी. दोन साच्यांत केवळ आकड्याचा फरक असल्यास ते एकाच साच्याची दोन रूपे मानावीत.
४) साचा, आवृत्ती, टप्पे, ग्राहक, करार, देयक व देयकाच्या ओळी यांसाठी स्वतंत्र तक्ते करावेत. ग्राहकाच्या तक्त्यात रुपयांचा आकडा असू नये. तेथे फक्त साच्याचा निर्देश असावा.
५) मागील वर्षाची मागणी नव्या साच्याने पुन्हा काढून जुन्या नोंदवहीशी ताडून पाहावी. प्रत्येक फरकाचे कारण लिहावे.
६) एक मुदत दोन्ही पद्धती समांतर चालवाव्यात.
७) देयकावर वापर, टप्पे, आवृत्तीचा दिनांक व ठराव क्रमांक मराठीत छापावा, जेणेकरून ग्राहकाला स्वतः पडताळा घेता येईल.

या कार्यासाठी महागडी प्रणाली अपरिहार्य नाही. काही शे जोडण्यांच्या गावासाठी साधा विदागार, किंबहुना शिस्तीने आखलेले तक्तेही पुरेसे होतात.

१०. समारोप

दरसाचा अन्याय्य दराला न्याय्य करू शकत नाही. पाणी किती स्वस्त असावे, बंद घराने किती भरावे, पर्यटकाच्या स्नानाचे पाणी कोणत्या वर्गात मोजावे, हे प्रश्न ग्रामसभेचेच आहेत. साचा एवढेच करतो की, घेतलेला निर्णय सर्वांना सारखाच लागू होतो, त्याची तारीख विसरली जात नाही आणि कालच्या देयकाचे उत्तर आज देता येते.

जलजीवन अभियानाच्या २०१९ मधील आरंभानंतर घरोघरी नळजोडण्या वाढल्या असून योजना चालविण्याचा नियमित खर्च वसूल करण्याची जबाबदारी गावांवर येत आहे. ज्या देयकाचा उलगडा होत नाही ते लोक मनापासून भरत नाहीत, आणि वसुली थांबली की पंपही थांबतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प व समाज सहभाग यांना स्थान मिळाले आहे. वाणिज्य, संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्र या विभागांनी मिळून परिसरातील एखाद्या ग्रामपंचायतीचे ठराव व मागणी नोंदवही अभ्यासून असा दरसाचा सिद्ध केला, तर विद्यार्थ्यांना वर्गातील संकल्पना प्रत्यक्षात पडताळता येतील आणि गावाला पडताळता येण्याजोगे देयक मिळेल.